परसातली भरती

बसऱ्याजवळच्या अबुल खसीबमध्ये उन्हाळ्याची दुपार म्हणजे घराघराला लागलेलं कुलूप. ऊन डोक्यावर चढलं की ते लागतं आणि ऊन कललं की निघतं. मधल्या वेळात माणसं अंधाऱ्या खोल्यांत पंख्याखाली निजतात, आणि वीज गेली की घामात भिजत, शेजारच्या जनरेटरची घरघर कधी सुरू होते तिकडे कान लावून तशीच पडून राहतात.

अशा दुपारी तिस्वाहिनच्या परसातून मात्र तिच्या भावाच्या पोरांचं हसू ऐकू यायचं. शेजारची उम्म फलाह कुंपणापाशी येऊन विचारायची, की बाई, तुमच्याकडे काय बर्फाची विहीर लागलीय का. तिस्वाहिन म्हणायची, विहीर कुठली, तांब्या आहे एक.

आणि खरंच एकच तांब्या असायचा. घराला टाक्या दोन. एक नळाची, खाऱ्या पाण्याची, भांड्याला नि फरशीला. दुसरी गोड्या पाण्याची, टँकरवाला भरून जायचा ती, प्यायला, चहाला, भाताला. धाकट्या सज्जादच्या मांड्यांवर नळाच्या पाण्याने पुरळ उठायचं, रात्रभर खाजवून खाजवून पोर रक्त काढायचं. म्हणून त्याच्या अंगाला लागणारा थेंबन् थेंब गोडाच हवा. तिस्वाहिनने आपल्या अंघोळीचा गोडा वाटा सोडून दिला होता. ती खाऱ्यानेच न्हायची. केसांचा पार काथ्या झाला होता, पण वाचलेला तांब्या ती दुपारी लिंबाच्या सावलीत आणून ठेवायची, आणि पोरं त्याच्याभोवती अशी जमायची की जणू त्यातून कुणी बाहेर येणार आहे.

त्या तांब्यातून ती काय काय काढायची. परातीत बोटभर पाणी ओतून कलिंगडाच्या सालीच्या होड्या सोडायची, आणि पोरांनी फुंकर मारून त्या पलीकडच्या काठाला लावायच्या. खजुराच्या काथ्याचा कुंचला करून द्यायची. तो पाण्यात बुडवायचा आणि मातीच्या भिंतीवर मासा काढायचा. ऊन असं की डोकं काढून होईपर्यंत शेपूट वाळून जायची, मग शेपूट काढायला धावावं तर डोकं गेलेलं. सहा वर्षांची रुकय्या त्या माशामागे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची आणि मासा काही एका वेळी सगळा दिसायचा नाही. चाळणीतून पाणी भरून आणायची शर्यत असायची. वाडग्यात गुंड्या, मणी, संत्र्याची साल घालून बर्फ करायचा आणि तो बर्फ नुसत्या तळहाताच्या उबेने वितळवून आतला माल सोडवायचा, हा खेळ सज्जादचा लाडका, कारण त्यात चाटायला मिळायचं. उरलंसुरलं पाणी शेवटी पुदिन्याच्या कुंडीला जायचं. काही वाया जायचं नाही.

हे सगळं ती हौसेने करायची हे खरं. पण नुसत्या हौसेने करायची असंही नाही.

तिचा धाकटा भाऊ हातिम. आई गेली तेव्हा तो सज्जादएवढा होता. तिस्वाहिनने त्याला वाढवला, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि कुणी त्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, माझ्या नावाचा अर्थच सगळ्या जणींच्या तोलाची असा आहे, तेवढ्या तोलाचा नवरा कुठून आणायचा. मग हातिमची पोरं आली आणि तिच्याच कडेवर मोठी झाली. आता हातिमची बायको हौरा हिचं म्हणणं होतं की इथं राहायचं नाही. ती करबल्याची. तिथे तिच्या भावाचं घर होतं, हातिमला काम लावून देतो म्हणत होता तो. त्याने फोनवर एक चित्रफीत पाठवली होती. अंगणात हवा भरून फुगवायचं निळं तळं, त्यात त्याची पोरं डुंबत होती. रुकय्याने ती इतक्यांदा पाहिली की त्यातली कुठली पोर कधी शिंकते हेही तिला पाठ झालं होतं.

हौरा काही वाईट बाई नव्हती. सज्जादच्या मांड्यांना रात्री मलम लावताना तिचे डोळे भरून यायचे, ते तिस्वाहिनने पाहिलं होतं. नळाच्या पाण्याने चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, पोराला उन्हात सोडता येत नाही, घरात ठेवता येत नाही. कुठल्या आईला असं घर हवंसं वाटेल.

तर नवराबायकोत एक करार झाला होता. बापाच्या वेळची खजुराची बाग गेलीच होती, नुसते शेंडे गळालेले खांब उभे होते. पण बरही जातीचं एक झाड अजून जिवंत होतं, आणि त्याच्या बुडाशी फुटवे आले होते. हातिमने ते पहारीने अलगद सोडवून परसात लावले. बंदरावर तो एका गोदामाचा पहारेकरी होता. पाळी संपली की पिकअपमध्ये गोड्या पाण्याचे डबे भरून आणायचा आणि एकेका फुटव्याला हाताने पाजायचा. हौराला तो म्हणाला होता, की यांनी हा उन्हाळा काढला तर जमिनीत अजून जीव आहे असं समजू आणि राहू. नाही काढला तर मी एक शब्द बोलणार नाही, करबल्याला चल. हौराने मान हलवली होती.

म्हणून तिस्वाहिन रोज सकाळी आधी फुटव्यांकडे जायची, मग चुलीकडे. मधला कोवळा सुळका बोटाने चाचपायची. हिरवा, ताठ. पुढे वाढलेला दिसला की दिवसभर तिच्या पायात बळ असायचं. आणि दुपारी पोरांना हसवताना तिच्या मनात एकच हिशेब चालायचा. झाडं हातिम जगवेल, पोरांना हे परस मी लावून ठेवते. त्यांनी हट्ट धरला तर आईचं मनही वळेल.

पण निळ्या तळ्यापुढे तांब्या किती टिकणार. एका दुपारी रुकय्याने कुंचला खाली टाकला आणि म्हणाली, की आत्या, यात पाय बुडत नाहीत. सज्जादनेही लगेच परातीत पाय घालून दाखवला. नाही बुडत. घोट्याच्या खालीच.

त्या रात्री तिस्वाहिनला झोप लागली नाही. तिच्या लहानपणी परसातून पाट वाहायचा. नदी तिथून लांब नाही. भरती आली की नदी फुगून नहरेत, म्हणजे कालव्यात शिरायची, नहरेतून पाटात, पाटातून आळ्यांत. दिवसातून दोनदा नदी घरी यायची आणि दोनदा परत जायची, कुणी बोलवायला जावं लागत नसे. पोरं खजुराच्या झावळ्यांची मोळी बांधून तिच्यावर पालथी पडायची आणि भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर. पाटाच्या तोंडाला बांधात एक पोकळ खोड पुरलेलं होतं. तेच दार. अजूनही होतं ते, चिंध्या आणि चिखल ठोसून बंद केलेलं. नदीत समुद्र शिरायला लागला तेव्हापासून ते कुणी उघडलं नव्हतं.

आठवडाभर उत्तरेचा वारा वाहत होता, समुद्राला मागे रेटत. उम्म फलाहचा नवरा म्हणत होता की नहरेचं पाणी बरं झालंय, म्हशी तोंड लावतायत. तिस्वाहिन सकाळी बांधावर गेली. भरती नुकती लागत होती. तिने ओंजळ भरली, जिभेवर धरली, थुंकली, पुन्हा भरली. गोड नव्हे, पण खारंही नव्हे. चिखलाची, गवताची, जुनी चव. तिला एकदम बापाच्या कपड्यांचा वास आठवला.

बाप भरतीचं पहिलं पाणी कधी घ्यायचा नाही. ते पाटात साचलेलं, शिळं, म्हणायचा. ते पुढे जाऊ द्यायचं आणि मागून येणारं नितळ पाणी झाडांना द्यायचं. जसजशी भरती चढते तसतसं पाणी चांगलं होत जातं, हे त्या गावात पोरासोरांनाही माहीत होतं. तिस्वाहिननेही तेच धरलं. पहिलंच पाणी असं, तर मागचं साखरच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातिम कामावर होता. हौरा आत डोकं धरून पडली होती. तिस्वाहिनने खुरपं घेतलं, खोडाच्या तोंडातला चिखल खरवडला, चिंध्या ओढून काढल्या. आधी काहीच आलं नाही. मग खोडाच्या आत कुणी घसा साफ करावा तसा आवाज झाला आणि पाणी आलं. तपकिरी, फेसाळ, काड्या नि पानं पुढे ढकलत. कोरड्या पाटाने ते पहिल्यांदा पिऊन टाकलं, पुन्हा पिऊन टाकलं, आणि मग थकून त्याला वर राहू दिलं.

रुकय्या धावत आली आणि काठावर थबकली. तिने जन्मात कधी चालत येणारं पाणी पाहिलं नव्हतं. सज्जाद तर आत्याच्या मागे लपला, मग एक पाय, मग दुसरा, मग बसकणच. पाणी त्याच्या पोटापर्यंत आलं आणि तो असा हसला की उम्म फलाहची नातवंडं कुंपणातून डोकी काढून बघायला लागली. तिस्वाहिनने झावळ्या तोडून मोळी बांधली. एकाला मोळीवर घालून ढकलायचं आणि दुसऱ्याने पुढे जाऊन पकडायचं. पाटाच्या कडेला चिखलाचे बांध घालून छोटी छोटी तळी करायची आणि एका बोटाने फोडायची. टोपल्यात पाणी धरायचं आणि शेवाळ पकडायचं, मग शेवाळाची दाढी लावायची. आणि तिने त्यांना तिच्या आईचं गाणं शिकवलं.

नदीबाई नदीबाई, आत ये गं आत,
बसायला चटई, खायला भात.
जाताना घेऊन जा, एवढंच मागणं,
लेकरांच्या पायांचं चिखलाचं पैंजण.

गलका ऐकून हौरा बाहेर आली. दारात उभी राहिली. तिस्वाहिनला वाटलं आता ही ओरडणार. पण हौराने पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मग रुकय्याने तिच्यावर पाणी उडवलं, हौराने परत उडवलं, आणि हळूहळू तिचा झगा कमरेपर्यंत भिजला. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण तिला असं हसताना तिस्वाहिनने पाहिलं नव्हतं. दात थोडे पुढे होते तिचे. एरवी ती ओठ मिटून ठेवायची.

“वन्सं,” हौरा म्हणाली, “तुम्ही लहानपणी रोज असंच करायचात?”

“रोज दोनदा,” तिस्वाहिन म्हणाली. “आई बडवून बाहेर काढायची.”

आणि त्या भरात तिने पाटाच्या कडेचं मातीचं ढेकूळ पायाने बाजूला केलं. पाणी फुटव्यांच्या आळ्यांकडे वळलं. तिला वाटलं, हातिम डब्यांनी पाजतो बिचारा, आज त्यांनाही पोटभर पिऊ दे. पाणी पहिल्या फुटव्याभोवती फिरलं, दुसऱ्याभोवती फिरलं. सगळी आळी भरली आणि त्यांत आभाळ दिसायला लागलं.

दुपार कलली तसा वारा फिरला. दक्षिणेकडून दमट शर्जी सुटली. भिजल्या अंगांना ती इतकी गार लागली की पोरांनी हात पसरून ती अंगावर घेतली. तिस्वाहिननेही डोळे मिटून घेतली. भरती अजून चढत होती. खोडातून पाणी आता मोठ्या धारेने, नितळ होऊन येत होतं. ती मनात म्हणाली, बघा, बाबा म्हणायचे तसं. तिने पुन्हा ओंजळ भरून जिभेवर धरली नाही. कशाला धरायची.

हातिम आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. डबे हातात घेऊनच तो परसात आला. पोरं त्याच्याकडे चिखलाच्या अंगांनी धावली, त्याच्या पायांना मिठ्या मारल्या. तो आधी हसलाच. मग त्याची नजर पाटावरून आळ्यांकडे गेली. त्याने डबे खाली ठेवले, वाकला, बोट बुडवून जिभेला लावलं.

तोंडावर त्याने काही येऊ दिलं नाही. पण तिस्वाहिनने त्याला सज्जादएवढा असल्यापासून पाहिला होता. ती चार पावलं धावली आणि तिनेही ओंजळ तोंडाला लावली. घशाला चरचरलं. नुसतं खारं नव्हतं, कडू होतं, समुद्रच होता तो.

हातिमने जाऊन चिंध्या ठोसल्या, त्यांवर चिखल, त्यावर दगड. परत आला तेव्हा बादली घेऊन आला आणि पहिल्या आळ्यातलं पाणी उपसून कुंपणापलीकडे फेकायला लागला. तिस्वाहिनने पातेलं घेतलं. हौराने काय झालं ते विचारलं नाही. तिने कणीक मळायची परात आणली. तिघं जण वाकून उपसत होते.

पोरांना वाटलं हा नवा खेळ. रुकय्या तांब्या घेऊन आली, सज्जाद चहाचा पेला. भरायचं नि फेकायचं. बाबा जोरात फेकतो, आत्या त्याच्याहून जोरात. सज्जादने आपला पेला कुंपणाकडे नेईपर्यंत अर्धा स्वतःच्याच पोटावर सांडला आणि तो खिदळला. मग रुकय्याने गाणं धरलं, नदीबाई नदीबाई, आत ये गं आत, आणि सज्जाद प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा ओरडायचा. कुंपणापलीकडून उम्म फलाहची नातवंडंही गायला लागली. हातिम एका जागी क्षणभर थांबला, पाठ सरळ केली, आणि मुलीकडे बघत राहिला. तिस्वाहिनला वाटलं, आता हा तिला गप्प करील. त्याने केलं नाही. पुन्हा वाकला.

अंधार पडेपर्यंत त्यांनी जेवढं निघालं तेवढं काढलं. बाकीचं मातीने आधीच घेतलं होतं.

मग पुढचे दिवस धुण्याचे. हातिमने टँकर बोलावला, आळ्यांत गोडं पाणी सोडलं, ते खाली जाऊ दिलं, पुन्हा सोडलं. मीठ पाण्याबरोबर खाली जातं आणि ऊन पडलं की मातीतून वर येतं. सकाळी आळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायच्या. तिस्वाहिन चमच्याने ते पांढरं खरवडून पिशवीत भरायची आणि दुसऱ्या सकाळी तेवढंच पुन्हा असायचं. सज्जादच्या अंगावर पुरळ आलंच, पाठीवर, पोटावर, पापण्यांवर. तो रडायचा आणि रडता रडता विचारायचा, की नदी कधी येणार. रुकय्याने निळ्या तळ्याची चित्रफीत बघणं सोडून दिलं होतं. आता ती कुणालाही सांगायची, आमच्याकडे खरी नदी येते, आतमध्ये, परसात. शेंबूड पुसत ऐकणाऱ्या पोरांना ती मोळीवर पालथं कसं पडायचं ते फरशीवर पडून दाखवायची.

हातिमने तिस्वाहिनला एका शब्दाने दुखावलं नाही. तिला वाटायचं, दुखवावं. एकदा ती स्वतःच म्हणाली, की घाल ना शिव्या, पहिल्यांदा उलट बोललास तेव्हा मी तुला चप्पल मारली होती, आज फेडून घे. तो म्हणाला, चहा दे.

टोकाचं पान आधी तांबूस झालं. मग त्याच्या खालचं. मधला सुळका हिरवाच होता, त्याच्यावर तिची सगळी आशा होती. रोज सकाळी ती बघायची, हात लावायची नाही. त्या भागातल्या माणसांना माहीत असतं, की फुटवा गेला की राहिला हे ओळखायचं तर सुळका हलकेच ओढायचा. धरून राहिला तर आत जीव आहे. हातात आला तर संपलं. म्हणून ती ओढायची नाही, आणि हातिमही ओढायचा नाही, आणि दोघं एकमेकांना फुटव्यांजवळ दिसले की काहीतरी काम काढून दूर व्हायचे.

शेवटी एका सकाळी तिनेच धरला. ओढलाही नाही नीट. लोण्यातून सुरी निघावी तसा तो वर आला आणि बुडाशी त्याचं काळं पाणी झालेलं होतं. वासही आला. तिने दुसरा धरला. मग तिसरा. सगळे धरून झाले तेव्हा हातात जुडी जमली होती, भाजीच्या जुडीसारखी, आणि तिला कळेना ती कुठे ठेवावी.

हातिम मागे उभा होता. किती वेळ होता कोण जाणे.

“सोड, ताई,” तो म्हणाला. “मला माहीत होतं.”

ती म्हणाली, की मी तोंडाला लावून बघितलं होतं रे, आधी.

“माहितेय. मीही लावून बघितलं असतं आणि मीही उघडलं असतं.” तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. मग जरा वेळाने, जमिनीकडे बघत म्हणाला, “आणि खरं सांगू? त्या दिवशी उपसता उपसता मला वाटलं, जाऊ दे. मरू दे एकदाचे. डबे वाहून दमलो होतो गं मी.”

हे ऐकल्यावर तिला रडायला आलं. तोवर नव्हतं आलं.

हौराच्या भावाने छोटा ट्रक पाठवला. सामान फार नव्हतं. हातिम म्हणाला, की तिथे आधी एकच खोली आहे, जम बसला की ताई तुला बोलावतो. तिस्वाहिन म्हणाली, बोलाव. त्या उरलेल्या झाडाला खजूर लागले की पाठवते म्हणाली. पोरांना तिने सांगितलं की करबल्याला मामाकडे मज्जा आहे, आणि रुकय्याने विचारलं तिथे नदी आत येते का. तिस्वाहिन म्हणाली, येते. म्हणजे असेल. मामाला विचार.

हौरा सगळ्यांत शेवटी बाहेर आली. पिशवी खाली ठेवून तिने तिस्वाहिनचे दोन्ही हात धरले. तिस्वाहिनला वाटलं, ही आता माफी मागेल, किंवा कशाची तरी काळजी घ्या म्हणेल. लोक निघताना म्हणतात तसं काहीतरी.

“वन्सं, तुम्हाला सांगायचं होतं,” हौरा म्हणाली. “पाण्यात पाय सोडून बसले होते ना मी त्या दिवशी. तेव्हा मी मनात ठरवलं होतं, राहायचं. हातिम आला की सांगणार होते.”

तिस्वाहिनने हात सोडवून घेतले आणि पिशवी उचलून ट्रकमध्ये ठेवली. जड होती, पण तिला जाणवली नाही. ट्रक वळला. सज्जाद आईच्या मांडीवर झोपला होता, आणि रुकय्या मागच्या काचेतून हात हलवत होती. एका हाताने नव्हे, दोन्ही हातांनी, पोहतात तसे.

दुपारी तिस्वाहिन बांधावर गेली. हातिमने घाईघाईत ठोसलेल्या चिंध्या ढिल्या झाल्या होत्या आणि खोडाच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. तिने नहरेच्या काठचा चिखल ओंजळीने काढला, त्यात काथ्या मळला, आणि खोडात भरायला बसली. आतवर हात घालून, कोपरापर्यंत, मुठीने दाबत. एकदा भरलं की पुन्हा कुणी उकरू नये असं. भरती लागायला अजून वेळ होता.

मागे पावलं वाजली. उम्म फलाहची नातवंडं होती. एकाच्या हातात कापडं धुवायचं घमेलं, एकीच्या हातात झाकण नसलेलं पातेलं. सगळ्यांत लहान पोराने पायातल्या चपला काढून आधीच हातात धरल्या होत्या. त्यांना गाण्यावरून कळलं होतं, की परसात नदी येते. रुकय्या गेली म्हणून काय झालं, आम्ही आहोत, मोठी मुलगी म्हणाली.

तिस्वाहिन म्हणाली, की घरी जा. आज नदी नाही.

मुलीने बांधावरून पलीकडे बघितलं. नहरेत पाणी होतं, स्वच्छ दिसत होतं.

“आहे की,” ती म्हणाली.

“ते खारं आहे, बाळा. अंगाला लागतं.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कशाबद्दल बोलतेय ही, असं. धाकट्याने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. त्याच्या नडग्यांवर खाजवून काळे पडलेले डाग होते, सज्जादच्या होते तसेच, फक्त जुने.

“आम्हाला चालतं,” तो म्हणाला. “आम्हाला कुठे प्यायचंय.”

तिस्वाहिन चिखल भरत राहिली. पोरं काही वेळ तिथेच उभी होती, भांडी डोक्यावर घेऊन, उन्हात. मग मोठीने धाकट्याचा हात धरला आणि ती कुंपणाकडे निघाली. जाता जाता त्यांच्यातलं कुणीतरी रिकाम्या घमेल्यावर बोटांनी ताल धरला होता. तिस्वाहिनने दोन्ही हातांनी शेवटचा गोळा उचलला, खोडाच्या तोंडावर थापला, आणि तो वाळेपर्यंत तळहात तिथेच दाबून बसली.